भिंतीवरची काळी बुरशी: खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. कुणाचा बेडरूमचा कोपरा काळा पडलेला असतो, कुणाच्या कपाटाला कुबट वास येतो, कुणाच्या पोराचा खोकला महिनाभर जात नाही. त्यावर लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. घाईत असाल तर बाकी काही वाचा न वाचा, पण पाणी कुठून येतं ते शोधण्याचा प्रश्न वाचाच. त्याचं उत्तर सापडल्याशिवाय खाली दिलेलं कुठलंच औषध टिकत नाही.

खान्देश तर कोरडा मुलूख. इथे बुरशी कशी काय लागते?

जळगाव-धुळ्याकडे वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, नवापूरच्या बाजूला त्याहून बराच जास्त. कोकणाच्या मानाने हे काहीच नाही. पण पाऊस किती पडला याच्याशी बुरशीला देणंघेणं नसतं. भिंत किती वेळ ओली राहिली एवढंच तिला महत्त्वाचं. तिचे बीजाणू हवेत बारा महिने असतात, भर मे महिन्यातही. ओल मिळाली आणि दोन दिवसांत ती जागा वाळली नाही, की ते रुजायला लागतात. खायला रंगातला चिकट अंश, धूळ, लाकूड, कागद, काहीही चालतं.

आणि ओल आणायच्या वाटा आपल्याकडे भरपूर आहेत. मे महिन्यात ४४-४५ अंशांत भाजून निघालेला स्लॅब जूनच्या पहिल्या सरीत एकदम गार होतो. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने गच्चीला केसासारख्या चिरा पडतात. तापीकाठची काळी कसदार माती कपाशीला चांगली, घराला वाईट. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं जोतं हलवते, मग भिंतीला तिरक्या चिरा जातात. शिवाय नळाला पाणी कित्येक गावांत काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून प्रत्येक घरात टाक्या, पिंपं, हंडे भरलेले. पाणी आलं की टाकी ओसंडून वाहते आणि ते भिंतीवरूनच खाली उतरतं. वर कूलर आहेच. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर.

काळं दिसलं म्हणजे बुरशीच का?

नाही. चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरात, देव्हाऱ्याच्या वर, दिव्याच्या कोनाड्याशी जे काळं असतं ती काजळी. ती सपाट असते, बोटाला तेलकट लागते, आणि तिला वास असलाच तर धुराचा. बुरशी ठिपक्या-ठिपक्यांनी पसरते, किंचित उभार किंवा मखमली दिसते आणि खोली बंद ठेवली की कुबट वास सोडते. शंका असेल तर घरगुती ब्लीचमध्ये थोडं पाणी घालून एक थेंब डागावर सोडा. दोन मिनिटांत रंग उडाला तर बहुतेक बुरशी, जसाच्या तसा राहिला तर काजळी किंवा मळ.

जमिनीलगत पांढरी भुकटी फुलते ती बुरशी नाही, ते क्षार आहेत, म्हणजे लोणा. पाण्यात विरघळतो. पण लोणा दिसला याचा अर्थ भिंतीत खालून पाणी चढतंय, आणि आज पांढरं आहे तिथे वरच्या अंगाला पुढच्या पावसाळ्यात काळं दिसायची शक्यता आहे.

इंटरनेटवर सांगतात ती ‘टॉक्सिक ब्लॅक मोल्ड’ हीच का?

बहुधा नाही. ते नाव स्टॅकिबोट्रिस चार्टारम या बुरशीला चिकटलं आहे. तिला सतत चिंब भिजलेला कागद किंवा लाकडाचा भुसा लागतो. अमेरिकेतल्या घरांच्या भिंती कागद चिकटवलेल्या जिप्सम बोर्डाच्या असतात, म्हणून तिथे ती माजते. आपल्या वीट-सिमेंटच्या भिंतीवरचे काळे डाग बहुतांशी क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, ॲस्परजिलस नायजर अशा साध्या बुरशांचे असतात. हल्ली दुकानांत आणि नव्या फ्लॅटमध्ये जिप्समचं फॉल्स सीलिंग सर्रास करतात. वरचा स्लॅब गळत असेल तर त्या बोर्डाच्या पाठीमागे मात्र स्टॅकिबोट्रिसला हवं ते सगळं मिळतं.

या बुरशीचा धसका पसरला तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातून. १९९३-९४ मध्ये तिथे काही तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला आणि बोट स्टॅकिबोट्रिसकडे गेलं. पुढे २००० साली अमेरिकेच्याच सरकारी रोगनियंत्रण केंद्राने पुरावे पुन्हा तपासले आणि संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं. धसका मात्र राहिला.

रंगावरून धोका ठरत नाही. हिरवी, करडी, पांढरी कुठलीही बुरशी घरात वाढत असेल तर काढायचीच.

कोविडच्या वेळी लोकांचे डोळे, जबडे गेले ती काळी बुरशी भिंतीवरूनच येते का?

२०२१ मध्ये आपल्याकडे घरोघरी ही भीती बसली, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. तो करणाऱ्या बुरशा वेगळ्या, माती आणि सडक्या पाल्यापाचोळ्यात राहणाऱ्या. त्यात काळी पडते ती आतली मेलेली पेशी, बुरशी नव्हे. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा या दोन गोष्टींनी तेव्हा घात केला. भिंतीवरच्या डागाने निरोगी माणसाला म्युकर होत नाही. पण घरात कुणाची साखर सतत चढलेली असेल, केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव बदललेला असेल, तर अशा माणसाला ओलीच्या खोलीत झोपवू नका आणि बुरशी काढायच्या कामाला तर अजिबात लावू नका.

मग तब्येतीला नेमकं होतं तरी काय?

सर्वांत जास्त दिसतो तो ॲलर्जीचा त्रास: सकाळी उठल्या उठल्या शिंकांची रांग, नाक चोंदणं, डोळे खाजणं, रात्रीचा कोरडा खोकला. ज्यांना दमा आहे त्यांचा दमा उचल खातो, पंप जास्त वेळा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शिका काढली. ओलीच्या घरात राहणाऱ्यांत श्वसनाच्या तक्रारी आणि दमा जास्त आढळतो, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आधीपासून छातीचा विकार असलेले यांना धोका अधिक.

यापुढचे आजार कमी लोकांना होतात, पण माहीत असलेले बरे. दम्याच्या काही रुग्णांच्या श्वासनलिकेत ॲस्परजिलस ठाण मांडते. मग दमा औषधांना दाद देत नाही आणि खोकल्यातून तपकिरी चिकट गोळ्या पडतात. ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन फुफ्फुसात पोकळी राहिली आहे त्यांच्या त्या पोकळीत बुरशीचा गोळा धरू शकतो. खोकल्यातून रक्त आलं की घरचे म्हणतात टीबी उलटला, आणि कधी कधी टीबीची औषधं पुन्हा सुरूही होतात. तिसरा प्रकार हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस: तेच तेच बीजाणू सारखे श्वासातून आत गेल्याने फुफ्फुसाला सूज येते आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर ते कायमचं निबर होतं.

स्मरणशक्ती जाते, कॅन्सर होतो असं भिंतीवरच्या बुरशीबद्दल जे फिरतं त्याला भक्कम पुरावा नाही. उलट खाण्यातली बुरशी खरोखर घातक आहे. काळवंडलेले, कडवट लागणारे शेंगदाणे आणि बुरसलेला मका यांतलं अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कॅन्सरला कारण ठरतं. भिंतीच्या भीतीने झोप उडालेला माणूस खवट दाणे तसेच कुटात घालतो, हे मात्र विचित्र.

गंभीर उदाहरण हवंच असेल तर इंग्लंडमधल्या रॉचडेलचं आहे. तिथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं एक बाळ दगावलं. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने श्वसनाचा आजार होऊन मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिकृत चौकशीत निघाला. कुटुंबाने तक्रार केली तेव्हा त्यांना वरून रंग मारायला सांगितलं गेलं होतं.

कूलरचा याच्याशी काय संबंध?

खान्देशात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे, पण विचारतं फार थोडं कुणी.

भारतातल्या फुफ्फुसांच्या जाळीच्या आजारांची एक मोठी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ शहरांतल्या १,०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना वर सांगितलेला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. आणि त्यांतल्याही जवळजवळ निम्म्यांच्या वापरात कूलर होता. म्हणजे कूलर वापरणारा प्रत्येक जण आजारी पडतो असं नाही. पण मार्चपासून जूनपर्यंत रात्रंदिवस तोंडावर वारा घेणाऱ्या आपल्या लोकांनी हे आकडे मनावर घ्यायला हवेत.

कारण उघड आहे. कूलरच्या गवताच्या ताट्या सतत ओल्या, त्यात धूळ अडकते, टाकीतलं पाणी आठवडा आठवडा तेच. बुरशी ताटीवर वाढते आणि पंखा ती थेट अंथरुणावर फेकतो. दुसरी गोष्ट खोलीच्या हवेची. एप्रिलच्या कोरड्या हवेत कूलर आत पाणी सोडतो ते ठीक. पण पाऊस सुरू झाल्यावर, हवा आधीच दमट असताना, तोच कूलर चालू ठेवला तर भिंती, गाद्या, कपाटं सगळं ओलं होतं.

म्हणून कूलर खिडकीबाहेर बसवा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा (डेंग्यूच्या डासासाठी हेच करावं लागतं, एका कामात दोन कामं). ताट्या दर हंगामाला नव्या घाला. गेल्या वर्षीच्या ताट्या माळ्यावरून काढून तशाच बसवण्यात जी बचत होते ती औषधांत जाते. आणि पाऊस लागला की कूलर पुसून, कडक उन्हात वाळवून, झाकून ठेवा. कूलर बंद करण्याआधी शेवटची पंधरा मिनिटं पंप बंद करून नुसता पंखा चालवला तरी ताट्या बऱ्याच सुकतात.

खोकला बुरशीचाच आहे हे कसं कळणार?

घर सोडल्यावर बरं वाटतं का, हे बघा. सून आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी गेली, आठ दिवस खोकला नाही, सासरी आल्यावर दुसऱ्या रात्रीपासून परत सुरू, असा हिशेब जुळत असेल तर डॉक्टरांना तो जसाच्या तसा सांगा. सोबत डागाचा फोटो दाखवा आणि घरात कूलर, कबुतरं, साठवलेला कापूस काय काय आहे तेही सांगा. छातीचा एक्स-रे, फुंकून करायची स्पायरोमेट्री, गरज पडल्यास रक्तातली आयजीई (ॲलर्जीची) तपासणी, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. बुरशीविरोधी गोळ्यांनी घरातली ॲलर्जी जात नाही.

दोन आठवड्यांवर खोकला, ताप, वजन घटणं असेल तर आधी थुंकी तपासून टीबी नाही ना ते पाहायचं. तिथे बुरशीचं निमित्त करून वेळ काढायचा नाही.

हवेची किंवा बुरशीची लॅबटेस्ट करून घेऊ का?

नको. घरात किती बीजाणू असले तर सुरक्षित, याचा सर्वमान्य आकडाच नाही, आणि जात कुठलीही निघाली तरी उपाय तोच राहतो. ते पैसे गच्चीवर घाला.

पाणी कुठून येतंय हे शोधायचं कसं?

डाग कुठे आहे यावरून अर्धं उत्तर मिळतं. छताला आणि भिंतीच्या वरच्या टोकाला असेल तर गच्ची, टाकी किंवा वरचं बाथरूम. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत एकसारखा पट्टा असेल तर जोत्यावर ओल अडवणारा थर, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, तो नाही किंवा फुटला आहे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका पसरत असेल तर छज्जा, चौकट किंवा चीर. भिंतीच्या मधोमध एकच गोल डाग म्हणजे आतली पाइप, आणि तो उन्हाळ्यातही वाढत असेल तर पाइपच. कपाटामागे, पलंगामागे, कोपऱ्यात हलके ठिपके असतील तर कदाचित गळती नाहीच, हवा खेळत नाही म्हणून गार भिंतीवर दमटपणा बसतोय.

शेवटच्या दोघांत घोटाळा होतो. तो सोडवायला दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस थांबा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर दोष हवेचा.

गच्चीची परीक्षा पावसाची वाट न पाहता करता येते. पन्हाळीची तोंडं बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी साठवा, चोवीस तास ठेवा आणि खाली छत बघा. मात्र आधीच सळ्या उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर हा प्रयोग नको, पाण्याचं वजन कमी नसतं. बाथरूमचंही असंच: जाळीत कापड कोंबून पाणी साठवायचं, आणि पलीकडच्या खोलीची भिंत पाहायची. आपल्याकडे बाथरूमच्या पाठीला कपडे ठेवायचं भिंतीतलं कपाट असतं, आणि साड्यांना लागलेली बुरशी तिथून आलेली असते.

जोत्याच्या बाबतीत दोष घराबाहेर असतो. परसातल्या मोरीचं पाणी भिंतीलगत मुरतंय का, अंगणाचा उतार घराकडे झालाय का, रस्ता दर काही वर्षांनी उंच होऊन घर खाली गेलंय का, हे बघा. काळ्या जमिनीत तर पाणी जोत्यापासून लांब नेणं हाच अर्धा उपाय. भिंतीभोवती तीन फूट फरशी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन.

साफ कशी करायची? क्रमाने सांगा.

पाणी बंद झाल्यावरच हात घालायचा. डाग एकूण तीन फूट बाय तीन फुटांच्या आसपास असेल तर घरच्या घरी जमतं. त्याहून मोठा असेल, गटाराचं पाणी शिरलं असेल किंवा फॉल्स सीलिंगच्या आत असेल तर जाणत्या माणसाला बोलवा.

दमा असणारे, गरोदर बाई, मुलं, म्हातारी माणसं यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. नाका-तोंडाला एन-९५ मास्क हवा, रुमाल किंवा उपरणं चालत नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. खिडकी उघडी ठेवा, पण खोलीतला पंखा बंद, नाहीतर सगळ्या घरात पेरणी होईल. घराकडचं दार बंद करून फटीला ओलं कापड लावा.

कोरडी घासणी कधीच नाही, सगळ्यात जास्त चूक इथे होते. सुक्या भिंतीवर खरखर पत्री मारली की लाखो बीजाणू हवेत उडतात. आधी पाण्याची फवारणी करून डाग ओला करा, मग साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या. फडकं त्याच बादलीत पुन्हा पुन्हा बुडवू नका. सुटलेला रंग, पोपडे आणि फडकी पिशवीत बांधून टाकून द्या. प्लास्टर हाताने दाबल्यावर भुगा होत असेल तर धुण्यात अर्थ नाही, विटेपर्यंत फोडून काढा. मग भिंत वाळू द्या, पूर्ण. पंखा आता चालेल.

ब्लीच, व्हिनेगर, बोरॅक्स, यांतलं चांगलं कोणतं?

टाइल, काच, स्टील अशा गुळगुळीत जागी ब्लीच चालतं, चार लिटर पाण्यात एक कपापेक्षा जास्त नको. प्लास्टर आणि लाकडासारख्या पाणी पिणाऱ्या वस्तूंवर ते वरवरचा रंग उडवतं, मूळ आत राहतं. आणि मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी करते, म्हणून मारण्यापेक्षा घासून काढणं महत्त्वाचं. बोरॅक्स म्हणजे सवागी किंवा टाकणखार, तो पाण्यात घालून धुतल्यानंतर पुसलं तर वाढ रोखायला मदत होते. व्हिनेगर किरकोळ डागाला ठीक.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतते. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. लहानशा बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुस जाळतो. व्हिनेगर हेही आम्लच. अमोनियावाल्या काच-क्लीनरसोबतही ब्लीच नको.

कानबाईच्या आधी घराला रंग दिला, महिन्यात पुन्हा काळं. रंग खराब होता का?

रंगाचा दोष कमी, मुहूर्ताचा जास्त. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येणार, म्हणून घर स्वच्छ हवं, हे खरं. पण श्रावणात भिंत पोटातून ओली असते. तिच्यावर प्लॅस्टिक पेंट चढवला की पाणी आतच कोंडतं आणि पोपडे घेऊन बाहेर पडतं. साधं डिस्टेंपर असेल तर त्यातला चिकट अंश बुरशीला आयतं जेवण. अँटी-फंगल रंग कोरड्या भिंतीवर उपयोगाचा आहे, ओल्यावर तोही हरतो.

सणाला धुऊन-पुसून घ्या, फार तर चुना मारा. गच्चीचं, चिरांचं काम एप्रिल-मेमध्ये करा, फक्त उन्हात सिमेंटला पाणी मारण्यात कसूर नको, नाहीतर नवीन चिरा तुम्हीच तयार कराल. रंग दिवाळीच्या सुमारास, भिंत सुकल्यावर. नवीन प्लास्टरला रंगाआधी महिनाभर तरी द्यावा.

ओल झाकायला पीव्हीसी पॅनेल, वॉलपेपर, निम्म्या उंचीच्या टाइल लावून देणारे पुष्कळ भेटतात. महिनाभर छान दिसतं. पाणी टाइलच्या वरून डोकं काढतं आणि पॅनेलमागे काय वाढलंय ते वर्षभर कळत नाही.

आजी म्हणते चुना लावा. खरंच उपयोग होतो?

होतो. ताज्या विझवलेल्या कळीच्या चुन्याचा सामू बाराच्या वर असतो, एवढ्या क्षारात बुरशी तग धरत नाही. शिवाय चुन्यातून भिंतीचा ओलावा बाहेर पडतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना काही महिन्यांत सौम्य होतो, म्हणून दरवर्षी लावायची पद्धत. जुन्या ऑइल पेंटवर तो धरत नाही, आधी खरवडावं लागतं. आणि विझवताना तो उकळतो, पोरांना दूर ठेवा, डोळे सांभाळा.

आमचं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे. सागाचे सर, म्हणजे छताच्या तुळया, काळे पडलेत.

धाब्यावर पावसाआधी खारी माती टाकून चोपायचं काम ज्या घरात नियमित होतं तिथे सर शंभर वर्षं टिकलेले दिसतात. ही माती ओली झाली की बसते आणि पाणी अडवते. ते काम सुटलं की पाणी झिरपतं. सर काळा दिसला तर आधी सुरी टोचून पाहा. टोक आत रुतत नसेल तर वरची बुरशी धुऊन, वाळवून भागेल. लाकूड मऊ लागलं तर ते कुजलंय, खालचा वापर थांबवा आणि सुताराला दाखवा.

गळतंय म्हणून धाब्यावर सिमेंटचा थर ओतण्याचा मोह होतो. लाकूड आणि माती हलते, सिमेंट हलत नाही, चीर पडतेच. वर वजन वाढतं ते वेगळंच. मातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं तरी हीच गत: आतली ओल अडकते. भिंत वाचवायची तर चुना-माती, आणि पावसाच्या बाजूला पत्र्याची वळचण.

भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवतो. त्याने काही होतं?

कापूस हवेतलं पाणी ओढतो. भिंतीला टेकवून छतापर्यंत रचला की मागची भिंत श्वासच घेत नाही. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, आणि ओला वेचलेला माल वाळवल्याशिवाय आत नाही. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत आठ टक्के ओलावा धरतात, बारावर माल नाकारतात, त्यामुळे यात पैशाचंही नुकसान आहे. कापसाच्या खोलीत झोपल्यावर अंगाला जी खाज सुटते ती बहुधा त्यातल्या बारीक किड्यांची, बुरशीची नव्हे. पण झोपायचं दोन्ही कारणांनी टाळा, लहान मुलांना तर मुळीच झोपवू नका.

गादी, कपडे, पुस्तकं वाचतील का?

कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. कापसाची गादी आतपर्यंत काळी झाली असेल तर पिंजारून उपयोग नाही, आणि पिंजाऱ्याच्या छातीचाही विचार करा. पुस्तकं, सातबारा, दस्त उन्हात वाळवून बाहेर मोकळ्यात मऊ ब्रशने झटका, मास्क लावून.

घर भाड्याचं आहे. मालक म्हणतो खर्च तुम्ही करा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, वेगळा करार नसेल तर. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. म्हणून आधी करारनामा वाचा, तोंडी भांडण्याऐवजी तारखेसह फोटो आणि लेखी अर्ज ठेवा. खरं सांगायचं तर खान्देशात बहुतेक मालक गावातले, ओळखीचे असतात, आणि प्लॅस्टिकचा तुकडा लावून ओल त्यांच्या डोळ्यांनी दाखवली की निम्मे वाद तिथेच मिटतात.

नवीन फ्लॅट असेल तर रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने तक्रारीनंतर तीस दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. सोसायटीत गच्चीची गळती संस्थेने काढायची, वरच्या घराच्या संडास-बाथरूमची त्या सदस्याने.

घर घेताना किंवा भाड्याने बघताना ओल कशी ओळखू?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बघा, मे महिन्यात सगळी घरं छान दिसतात. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर विचारा की हिलाच का. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून आत डोकं घाला, वास लपवता येत नाही. बाथरूमच्या पाठीमागची भिंत आणि वरच्या मजल्याच्या छताचे कोपरे मोबाइलच्या उजेडात तिरपा प्रकाश टाकून पाहा, फुगलेला रंग लगेच दिसतो. आणि गच्चीवर जा. पन्हाळीच्या तोंडाशी माती, पिंपळाचं रोप, पाणी साचल्याचा गोल डाग असेल तर भाव ठरवताना ते बोलून दाखवा.